ग्राहकाने दिलेल्या मोल्डची किंमत असेसेबल व्हॅल्यूत धरताना भागायचं कशाने?

टूलरूम_भोसरी | १८ जुलै २०१६

प्रश्न एक्साईजचा (केंद्रीय उत्पादन शुल्काचा). असेसेबल व्हॅल्यू म्हणजे ज्या किमतीवर ही ड्यूटी लागते ती. प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंगचं उदाहरण घेऊ. मोल्डचे (साच्याचे) पैसे ग्राहकाने दिलेत, मालकी त्याची, मोल्ड असतो व्हेंडरच्या, म्हणजे पार्ट बनवून देणाऱ्याच्या प्लांटात. आकडे असे:

मोल्डची किंमत ड्यूटी-व्हॅट सोडून १८,००,०००
दोन कॅव्हिटी (एका शॉटला दोन पार्ट), हमी ५,००,००० शॉट, म्हणजे १०,००,००० पार्ट
पीओत (पर्चेस ऑर्डरमध्ये) तीन वर्षांचा अंदाज ६,००,००० पार्ट
पार्टची किंमत ४२.००, ड्यूटी साडेबारा टक्के

मोल्डची किंमत पार्टच्या व्हॅल्यूत धरायला हवी हे मान्य. २००० च्या व्हॅल्युएशन रूल्समधला रूल ६ आणि त्याचं पहिलं स्पष्टीकरण वाचलं की त्यात शंका राहत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. मोल्डच्या आयुष्याने भागलं तर पार्टमागे १.८० येतात, पीओच्या संख्येने भागलं तर ३.००. एक्साईज खात्याची ऑडिट पार्टी दुसरा आकडा धरून बसते. कायद्याने बरोबर कोण?

कोरबॉक्स | १८ जुलै २०१६

आयुष्याने. २३ जानेवारी १९९६ चं एक्साईज बोर्डाचं सर्क्युलर १७०/४/९६ काढा. ते कास्टिंगच्या पॅटर्नबद्दल (ज्या नमुन्यावरून ओतकामाचा वाळूचा साचा करतात त्याबद्दल) आहे, पण तत्त्व तेच. पॅटर्न ग्राहकाने दिला असो की त्याच्या खर्चाने फाउंड्रीने बनवून घेतला असो, त्याची प्रमाणशीर किंमत कास्टिंगच्या व्हॅल्यूत धरायची. वाटणी करताना अडचण आली तर पॅटर्नचं अपेक्षित आयुष्य, त्याची क्षमता आणि त्यातून किती कास्टिंग निघू शकतात हे पाहून नगामागे आकडा काढायचा. कॉस्ट अकाउंटंटचं सर्टिफिकेट चालतं. 'निघू शकतात' असं आहे, 'ऑर्डर आहे' असं नाही.

ईआर_वन | १८ जुलै २०१६

>> 'निघू शकतात' असं आहे, 'ऑर्डर आहे' असं नाही.

कागदावर बरोबर. आता पुढचं गणित करा. १.८० ने भरत गेलात आणि ६,००,००० पार्टनंतर मॉडेल बंद झालं, तर व्हॅल्यूत आले १०,८०,०००. उरलेले ७,२०,००० कुठल्याच पार्टवर बसले नाहीत. त्यावर ड्यूटी ९०,०००. मोल्ड तर ग्राहकाने स्क्रॅपमध्ये काढला. मोल्ड वापरला तो फक्त याच सहा लाख पार्टसाठी, तेव्हा सगळी किंमत त्यांच्यावरच बसायला हवी, असं ऑडिट म्हणणार, आणि ते अगदीच चुकीचं नाही. म्हणून आयुष्य आणि प्रोग्रॅमची संख्या यांतला जो आकडा लहान, तो घ्यावा.

शिरोलीकर | १९ जुलै २०१६

लहान आकडा घ्या हा सल्ला प्लास्टिक मोल्डला ठीक. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत तो लावून बघा. एकाच कास्टिंगचा लाकडी पॅटर्न, अॅल्युमिनियमचा मॅचप्लेट आणि बीडाचा पॅटर्न यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक. लाकडी पॅटर्न ओलाव्याने फुगतो, रॅमिंगने कडा झिजतात, ड्राफ्ट (बाजूंचा उतार) जातो, आणि मग मोल्डमधून उपसताना वाळू फाटते. कोअर बॉक्स (कास्टिंगच्या पोकळीसाठी वाळूचा कोअर बनवायचा साचा) तर पॅटर्नच्या आधीच जातो, कारण कोअर शूटरमधून येणारी वाळू एकाच जागी मारा करते. त्यामुळे 'पॅटर्न सेट' म्हणून एकच आयुष्य लिहिलेलं सर्टिफिकेट टिकत नाही. पॅटर्न आणि कोअर बॉक्स दोन वेगळ्या ओळींत, दोन वेगळ्या संख्यांनी भागा.

आणखी एक. भागायचं ते ओतलेल्या कास्टिंगने की पास झालेल्या? ड्यूटी लागते फक्त बाहेर गेलेल्या मालावर. समजा प्रेशर डाय-कास्टिंगचा डाय १२,००,००० चा, सिंगल कॅव्हिटी, आयुष्य १,००,००० शॉट, रिजेक्शन चार टक्के. शॉटने भागलं तर १२.००. पण बाहेर जाणार ९६,०००, म्हणून बरोबर आकडा १२.५०. हे पन्नास पैसे सर्टिफिकेटमध्ये बहुतेक जण विसरतात.

हिशेबनीस_ताई | १९ जुलै २०१६

शिरोलीकर, रिजेक्शनचा मुद्दा एकदम बरोबर.

टूलरूम, तुमच्या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने बघा. कशानेही भागा, पूर्ण किंमत वसूल झाली की एकूण ड्यूटी तेवढीच: १८,००,००० चे साडेबारा टक्के, २,२५,०००. भागाकाराने फक्त ती किती लवकर भरायची ते ठरतं. खरा मार बसतो तो काहीच न धरल्यावर. या वर्षी १४ मेपासून एक्साईज कायद्याच्या ११ए मधली नोटिशीची साधी मुदत एका वर्षाची दोन वर्षं झाली, आणि माहिती दडवल्याचा ठपका आला की पाच वर्षं. शिवाय १ एप्रिलपासून १५ टक्के व्याज, आणि दडवल्याच्या केसमध्ये ड्यूटीएवढा दंड. नोटीस आल्यावर ३० दिवसांत ड्यूटी-व्याज भरलं तर तो दंड १५ टक्क्यांवर येतो, ऑर्डरनंतरच्या ३० दिवसांत भरलं तर २५ टक्के.

म्हणून पहिलं काम रेंजला (एक्साईजच्या स्थानिक ऑफिसला) पत्र देण्याचं. टूल नंबर, ग्राहकाचा टूल पीओ, किंमत, कॅव्हिटी, शॉटचं आयुष्य, भागाकाराची पद्धत, नगामागचा आकडा, सोबत सर्टिफिकेट. पोच घ्या आणि जपून ठेवा. पद्धतीवर वाद झाला तरी 'दडवलं' असं म्हणता येत नाही, आणि मुदत दोन वर्षांवर अडते.

झिरो_ड्राफ्ट | १९ जुलै २०१६

म्हणजे पोचेची किंमत मोल्डपेक्षा जास्त. :)

नफातोटा | २० जुलै २०१६

एवढा खटाटोप हवाच का? जास्त भरलेली ड्यूटी ग्राहक सेनव्हॅट क्रेडिट (स्वतःच्या ड्यूटीतून वजावट) म्हणून घेणार. सरकारच्या तिजोरीत निव्वळ भर शून्य. इंटरनॅशनल ऑटोच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये हेच मानलं.

ईआर_वन | २० जुलै २०१६

त्या केसमध्ये वाद होता गाडीच्या कंपनीने मॉडव्हॅटखाली (सेनव्हॅटच्या आधीची पद्धत) पाठवलेल्या सुट्या भागांच्या किमतीचा. ते भाग बसवलेला माल परत कंपनीकडेच जाऊन अंतिम उत्पादनावर ड्यूटी भरली जात होती. मोल्ड पार्टबरोबर परत जात नाही, तेव्हा तो निकाल मोल्डला सरळ चिकटवता येत नाही. मोल्डबद्दल म्युच्युअल इंडस्ट्रीजचा ट्रायब्युनलच्या लार्जर बेंचचा २००० चा निकाल आहे, आणि तो खात्याच्या बाजूने आहे.

शिवाय 'ग्राहक क्रेडिट घेणारच' हे गृहीत धरू नका. ट्रॅक्टर कंपनीला माल जात असेल तर ट्रॅक्टरवर ड्यूटी माफ, क्रेडिट नाही. ग्राहकाचा प्लांट पंतनगरला, एरिया-बेस्ड सवलतीत असेल तर तिथेही नाही. 'रेव्हेन्यू न्यूट्रल' हा मुद्दा पाच वर्षांची मुदत तोडायला कामी येतो, मूळ ड्यूटी वाचवायला त्याच्यावर विसंबू नये.

हिशेबनीस_ताई | २० जुलै २०१६

+१. आणि क्रेडिटची खरी मेख पुढे आहे. दडवल्याच्या आरोपाखाली मागणी कायम झाली की मग काढलेल्या सप्लिमेंटरी (फरकाच्या) इन्व्हॉइसवर ग्राहकाला क्रेडिट मिळत नाही, सेनव्हॅट रूल्सचा रूल ९(१)(ब) बघा. वेळेत भरली असती तर जी ड्यूटी ग्राहकाच्या खात्यात फिरून गेली असती, ती आता व्हेंडरचा निव्वळ खर्च. नोटिशीआधी स्वतःहून ड्यूटी आणि व्याज भरून, रेंजला कळवून सप्लिमेंटरी काढली तर क्रेडिट वाचतं, दंडही नाही.

कॅव्हिटी_नं_४ | २१ जुलै २०१६

इन्व्हॉइस कसा बनवायचा? पीओत किंमत ४२ आहे, ग्राहकाची सिस्टिम ४३.८० घेत नाही.

टूलरूम_भोसरी | २१ जुलै २०१६

४३.८० ची किंमत लावायचीच नाही. १.८० च्या हिशेबाने:

बेसिक किंमत ४२.००
मोल्डचा वाटा, फक्त ड्यूटीपुरता १.८०
असेसेबल व्हॅल्यू ४३.८०
ड्यूटी ५.४७५
व्हॅटसाठी रक्कम ४७.४७५

व्हॅट ४२.०० अधिक ड्यूटीवर. १.८० ग्राहकाकडून मागायचेच नाहीत, तर त्यावर व्हॅट कसला?

जीआरएन (ग्राहकाकडची माल मिळाल्याची नोंद) अडकतो तो इथे, की ग्राहकाची सिस्टिम ४२ चे साडेबारा टक्के म्हणजे ५.२५ मोजते आणि साडेबावीस पैशांचा फरक आला की इन्व्हॉइस परत करते. त्यावर उपाय ग्राहकाकडेच असतो. पीओच्या ओळीत असेसेबल व्हॅल्यूची वेगळी कंडिशन उघडून त्यात ४३.८० भरायला लावा, पीओला अमेंडमेंट घ्या. पर्चेसवाल्यांना 'क्रेडिट तुम्हालाच मिळणार आहे' हे एकदा पटवावं लागतं. मग होतं.

झिरो_ड्राफ्ट | २१ जुलै २०१६

पर्चेसवाल्यांना काहीही पटवता येतं, फक्त दरवाढ सोडून.

कॅव्हिटी_नं_४ | २१ जुलै २०१६

धन्यवाद. आणि मोल्डची किंमत म्हणजे नक्की काय काय धरायचं?

कोरबॉक्स | २२ जुलै २०१६

टूलमेकरचा बेसिक. हॉट रनर सिस्टिम वेगळ्या पीओवर आली असेल तर तीही. टेक्श्चरिंग बाहेर केलं असेल तर त्याचं बिल. ग्राहकाने पैसे दिलेल्या ट्रायल आणि करेक्शन. ज्या ड्यूटीचं आणि व्हॅटचं क्रेडिट ग्राहकाने घेतलं ती धरायची नाही. इंपोर्टेड मोल्ड असेल तर बेसिक कस्टम्स ड्यूटी धरायची, कारण तिचं क्रेडिट नाही, पण सीव्हीडी (आयातीवरची काउंटरव्हेलिंग ड्यूटी) क्रेडिटला घेतली असेल तर नाही. व्हेंडरने स्वतःच्या खर्चाने केलेला मेंटेनन्स आधीच ४२ मध्ये आहे, तो पुन्हा जोडू नका. ग्राहकाने फुकट पाठवलेल्या कोअर पिन आणि इजेक्टर पिन मात्र जोडायच्या.

चेकिंग फिक्श्चरवर वाद होतो. नियमात 'उत्पादनासाठी वापरलेली टूल्स, डाय, मोल्ड, ड्रॉइंग आणि तत्सम वस्तू' आहे. तपासणी म्हणजे उत्पादन का? खातं हो म्हणतं. रक्कम किरकोळ असेल तर धरून टाकावी, भांडण्यात अर्थ नाही.

नफातोटा | २२ जुलै २०१६

ग्राहकाच्या पुस्तकात मोल्डवर घसारा लागतोच. प्लास्टिक-रबरच्या मोल्डला इन्कम टॅक्समध्ये ३० टक्के. तोच वर्षाला धरला तर सोपं नाही का?

हिशेबनीस_ताई | २२ जुलै २०१६

नाही. ३० टक्के डब्ल्यूडीव्हीने (घटत्या शिलकीवर) किंमत कधीच शून्य होत नाही, आणि उत्पादन शून्य असलेल्या महिन्यातही घसारा चालूच राहतो. इथे नगामागे आकडा हवा. सीएएस-४ (उत्पादन खर्चाचं कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड) मध्येसुद्धा फुकट आलेल्या मोल्ड, डाय, पॅटर्नचं अमॉर्टायझेशन (किमतीची अशी वाटणी) उत्पादन खर्चात धरायला सांगितलंय. ते वापराशी जोडा, कॅलेंडरशी नाही.

प्रोग्रेसिव्ह_डाय | २३ जुलै २०१६

प्रेसशॉपमधला प्रश्न. डायमध्ये मधेच डिझाइन बदल येतो, ईसीएन (बदलाची नोटीस) निघते, ग्राहक मॉडिफिकेशनचे पैसे देतो. तेव्हा?

ईआर_वन | २३ जुलै २०१६

मागचं उकरायचं नाही, पुढचं बदलायचं. टूलरूमच्याच आकड्यांत: पीओच्या संख्येने ३.०० ने चाललात, २,००,००० पार्ट गेले, म्हणजे ६,००,००० वसूल, शिल्लक १२,००,०००. मॉडिफिकेशन १,५०,०००. उरलेले पार्ट ४,००,०००. नवा आकडा १३,५०,००० भागिले ४,००,०००, म्हणजे ३.३७५. ज्या दिवशी बदललेला पहिला पार्ट बाहेर जातो त्या दिवसापासून. नवं सर्टिफिकेट, रेंजला नवं पत्र.

मोल्ड मधेच दुसऱ्या व्हेंडरकडे हलवला तर शिल्लक आकडा त्याच्याबरोबर जातो. नव्या व्हेंडरला हे कोणी सांगत नाही आणि तो पुन्हा १८ लाखांपासून सुरू करतो, नाहीतर काहीच धरत नाही. मोल्डच्या चलनावरच 'आजवरचे शॉट इतके, शिल्लक अमॉर्टायझेशन इतकं' लिहून पाठवा. आणि आकडा शून्यावर आला की जोडणं थांबवा. बिलिंगची कंडिशन कोणी बंद करत नाही आणि मोल्डची किंमत दीडपट वसूल होते, हे सर्रास चालतं. यासाठी मोल्डवार रजिस्टर लागतं: महिना, शॉट, बाहेर गेलेले पार्ट, वसूल, शिल्लक. पाचच रकाने.

प्रोग्रेसिव्ह_डाय | २३ जुलै २०१६

आणि व्हेंडरनेच टूलरूममध्ये मोल्ड बनवून ग्राहकाला विकला, पण प्लांटातच ठेवला, तर मोल्डवर वेगळी ड्यूटी?

कोरबॉक्स | २४ जुलै २०१६

दोन रस्ते आहेत. मोल्ड-डाय-जिग-फिक्श्चर हे कॅपिटल गुड्स, त्याच कारखान्यात वापरले तर नोटिफिकेशन ६७/९५ ची माफी. ड्यूटी नाही, फक्त विक्रीचं व्हॅट इन्व्हॉइस. किंवा ड्यूटी भरून इन्व्हॉइस काढा, ग्राहक सेनव्हॅट रूल्सच्या रूल ४(५)(ब) खाली क्रेडिट घेतो. मोल्ड त्याच्या कारखान्यात पोचायलाच हवा असं नाही. दोन्हीत पार्टवरचं अमॉर्टायझेशन सुटत नाही. 'मोल्डवर ड्यूटी भरली, आता पार्टवर कशाला' हे खात्यासमोर बोलून उपयोग नाही. मोल्ड ही एक वस्तू, पार्ट ही दुसरी.

सगळ्यात सुटसुटीत म्हणजे मोल्डचे पैसे वेगळे घ्यायचेच नाहीत. पहिल्या ६,००,००० पार्टना ४५.००, नंतर ४२.००. मग तीच ट्रँझॅक्शन व्हॅल्यू (प्रत्यक्ष विक्रीची किंमत), जोडायला काही उरत नाही. फक्त मोल्डमध्ये भांडवल व्हेंडरचं अडकतं आणि ऑर्डर कमी झाली तर नुकसान त्याचंच, म्हणून 'किमान संख्या न उचलल्यास उर्वरित रक्कम देय' हे कलम पीओत असल्याशिवाय हो म्हणू नका.

जॉबवर्कवाला | २५ जुलै २०१६

हे सगळं जॉबवर्कला पण लागू?

ईआर_वन | २५ जुलै २०१६

ग्राहक कच्चा माल देतो आणि नोटिफिकेशन २१४/८६ खाली माल परत जातो, तर जॉबवर्करकडे ड्यूटीच नाही, प्रश्न मिटला. ड्यूटी भरून जात असेल आणि माल मुख्य उत्पादकाच्या वतीने बनत असेल तर २००७ पासून रूल १०ए, व्हॅल्यू मुख्य उत्पादकाच्या विक्री किमतीवरून. मोल्डचा वाटा त्या किमतीत असतोच, वेगळा जोडायचा नाही. कच्चा माल स्वतः विकत घेऊन, फक्त मोल्ड ग्राहकाचा असेल तर तो जॉबवर्क नाहीच, रूल ६.

शिरोलीकर | २६ जुलै २०१६

मूळ प्रश्न राहिला बाजूला. माझं मत: दोन्ही आकडे सर्टिफिकेटमध्ये द्या. आयुष्याने १.८०, प्रोग्रॅमने ३.००, आणि कुठला लावला ते लिहा. आयुष्याचा लावला असेल तर 'मोल्ड आधीच बाद झाल्यास शिल्लक रकमेवरची ड्यूटी, स्क्रॅपची वसुली वजा करून, त्या महिन्यात भरू' हे वाक्य रेंजच्या पत्रात घाला.

टूलरूम_भोसरी | २६ जुलै २०१६

हे पटलं. पत्रात हेच टाकायला सांगतो.

कॅव्हिटी_नं_४ | १२ जून २०१८

धागा वर काढतोय. एक्साईज जाऊन जीएसटी आला, पण ८ जूनचं जीएसटीचं सर्क्युलर ४७/२१/२०१८ आलंय. आता अमॉर्टायझेशन संपलं म्हणायचं का?

हिशेबनीस_ताई | १२ जून २०१८

अर्धं. मोल्ड गाडीच्या कंपनीच्या मालकीचा आणि तो फुकट दिला असेल तर त्याची किंमत पार्टमध्ये जोडायची नाही, कंपनीला क्रेडिटही उलटवावं लागत नाही. पण करार 'व्हेंडरने स्वतःच्या मोल्डने पार्ट बनवून द्यायचे' असा असेल आणि तरीही मोल्ड कंपनीने फुकट दिला, तर अमॉर्टायझेशन जोडायचं, आणि कंपनीने मोल्डवर घेतलेलं क्रेडिट उलटवायचं. म्हणजे आता सगळं कराराच्या शब्दांवर. जुने पीओ काढून बघा, पुष्कळांत 'टूलिंग व्हेंडर स्कोप' असं छापील वाक्य पडलेलं असतं. तेच वाक्य अंगावर येणार. अमेंडमेंट घ्या.

कोरबॉक्स | १३ जून २०१८

आणि नवीन दुखणं. ग्राहक होसूरला, महाराष्ट्रात रजिस्ट्रेशन नाही, व्हेंडर चाकणला. मोल्ड विकला पण हलला नाही. आयजीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(क) प्रमाणे सप्लायची जागा म्हणजे मोल्ड जिथे आहे तिथे, चाकण. लागला सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी, ग्राहकाला त्याचं क्रेडिट नाही. परदेशी ग्राहकाचंही तेच, मोल्ड देशाबाहेर गेला नाही तर डॉलर येऊनही ती निर्यात नाही. इथे कोरबॉक्सचा २०१६ चा सल्ला कामाचा: मोल्डचे पैसे पार्टच्या किमतीतून घ्या.

झिरो_ड्राफ्ट | १३ जून २०१८

स्वतःच्याच सल्ल्याला तृतीय पुरुषी दाद. _/\_

प्रोग्रेसिव्ह_डाय | १९ नोव्हेंबर २०१९

२०१६ पूर्वीच्या काळाची नोटीस ट्रायब्युनलमध्ये पडून आहे अशा केसचं काय? भागाकाराचा वाद तोच, आयुष्य की पीओ. अपील चालवायचं की 'सबका विश्वास' मध्ये (जुने एक्साईज वाद मिटवायच्या योजनेत) जायचं?

ईआर_वन | २० नोव्हेंबर २०१९

नोटिशीतला ड्यूटीचा आकडा बघा. पन्नास लाखांपर्यंत सत्तर टक्के माफ, त्यावर पन्नास टक्के, व्याज-दंड पूर्ण माफ. अपील ३० जून २०१९ ला प्रलंबित असलं पाहिजे. समजा मागणी २,२५,००० ची: भरायचे ६७,५००. ट्रायब्युनलला साडेसात टक्के प्री-डिपॉझिट केलं असेल तर १६,८७५ वजा, राहिले ५०,६२५. रोखीने, क्रेडिट लेजरमधून चालत नाही, आणि भरलेल्याचं क्रेडिटही मिळत नाही. फॉर्म १ ऑनलाइन, ३१ डिसेंबरपर्यंत.

भागाकारात तुमचीच बाजू बरोबर असली तरी ३.०० चा १.८० होऊन मागणी चाळीस टक्क्यांनीच घटते, आणि व्याज उरतंच. योजनेत सत्तर सुटतात.

शिरोलीकर | २० नोव्हेंबर २०१९

फक्त मागणीत बाकीचे मुद्दे एकत्र आहेत का ते आधी बघा. एकाच नोटिशीत मोल्ड, ट्रान्झिट इन्शुरन्स आणि स्क्रॅप असं तिन्ही असेल तर मोल्डपुरतंच योजनेत जाता येत नाही, सगळी नोटीस मिटवावी लागते.